वेगाच्या बाजूचं दार

बेटाकडे जाणाऱ्या स्वानविकच्या भरावावर गाडी चढली आणि लोविसाचं लक्ष सहज शेजारच्या सीटकडे गेलं. पाब्बींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. ही त्यांची जानेवारीपासूनची नवी खोड. कधी हात मोकळे मांडीवर असायचे, कधी असे मांडीखाली. तिनं बरेच दिवस लक्ष ठेवून पाहिलं होतं, पण त्यात काही धागादोरा सापडला नव्हता. ज्या माणसानं ऐंशी वर्षांत हात कधी रिकामे ठेवले नाहीत, त्यानं असं हातांवर बसावं, हे तिला बघवायचं नाही. मग ती उगाच जोरात बोलायला लागायची.

"हीटर वाढवू का, पाब्बी?"

"नको."

"आज फक्त बर्फगाडीच्या विक्रीवर सही करायची आणि तुमचे कपडे घ्यायचे. संध्याकाळच्या आत परत."

"सांगितलंस सकाळी."

"दोनदा सांगितलेलं बरं."

"तीनदा सांगितलंस," म्हातारा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. भरावाच्या दोन्ही अंगांना विनिपेग सरोवर नजर पोचेल तिथपर्यंत गोठून पडलं होतं. मार्च संपत आला होता आणि बर्फावर कुठे कुठे करडी झाक चढायला लागली होती. आणखी तीन आठवड्यांनी यावर कुत्रंसुद्धा पाऊल टाकणार नव्हतं.

आई, म्हणजे वेगा, गेल्याला दोन वर्षं झाली होती. पाब्बी बेटावरच्या घरात एकटे राहिले, लोविसाच्या धाकट्या भावाबरोबर, बाल्दुरबरोबर, जाळी टाकत राहिले, आणि सगळ्यांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला, की म्हाताऱ्यानं बरं सावरलं. मग जानेवारीत लोविसानं त्यांना डोळे तपासायला शहरात आणलं. उणे तीसची थंडी, भर रहदारी, आणि पाब्बींनी चालत्या गाडीचं दार सताड उघडलं. वर शांतपणे तिला म्हणाले, "वेगा, दार." लोविसानं एका हातानं त्यांची कॉलर पकडली, दुसऱ्या हातानं कशीबशी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. त्या दिवसापासून पाब्बी तिच्याकडेच होते. एक एप्रिलपासून वृद्धनिवासात खोली मिळाली होती. तिथला अर्ज तिच्या पर्समध्येच होता, सगळा भरलेला.

घरात शिरल्या शिरल्या बोग्गा आत्याचा आवाज आला. आत्या म्हणजे पाब्बींची धाकटी बहीण, वय एकोणऐंशी, शेजारच्या घरात राहायची आणि जीभ अजून सुरीसारखी.

"आलीस, लोवी? बस. बापाला मोडीत काढायचं काम आहे, उपाशीपोटी नको करायला."

"आत्या, सुरुवातच अशी करणार आहेस का?"

"शेवटही अशीच करणार आहे."

टेबलावर आत्यानं तिचा सात थरांचा केक कापून ठेवला होता, सुक्या आलुबुखाराच्या गराचा. हा केक स्वानविकमध्ये लग्नाला होतो, नाताळाला होतो आणि कुणाला पुरून आल्यावर होतो. आज तो नक्की कशासाठी केला होता, हे विचारायची लोविसाची हिंमत झाली नाही. बाल्दुर कोपऱ्यात बूट न काढताच बसला होता, आणि आत्या त्याच्या बुटांकडे बघत होती.

"माणूस कधी येतोय?" त्यानं विचारलं.

"अकराला. मिनेसोटाहून निघालाय काल."

"बरं होईल एकदा सुटलं की. दर शनिवारी मी त्या डबड्यात तेल घालायचं, बॅटरी चढवायची, आणि चालवायचं कुणी? शेडचं छप्पर गळतंय ते वेगळंच."

"त्या डबड्यानं तुझी शाळा झाली," पाब्बी खुर्चीत बसता बसता म्हणाले. साखरेचा खडा त्यांनी दातांत धरला आणि त्यावरून कॉफीचा घोट घेतला. बाल्दुरनं मान खाली घातली. तो लोविसाच्या बाजूचा होता, पण बापासमोर बाजू घेऊन बसायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

आत्या काही मान खाली घालणाऱ्यातली नव्हती. "ग्रिमुर, तू बोल ना काहीतरी. गाडी तुझी आहे."

"लोविसानं बघितलंय सगळं," पाब्बी म्हणाले. "तिला कळतं."

जानेवारीपासून ते हेच म्हणायचे. जेवायला काय करू, तिला कळतं. कोट कुठला घालू, तिला कळतं. सगळं इतकं बिनबोभाट चाललं होतं, की लोविसाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं.

वेंडेल क्रूस बरोबर अकराला आला. साठीचा उंच, किडकिडीत माणूस, धान्याची गोदामं विकून आता जुन्या गाड्या गोळा करत होता. दारातच त्यानं बूट काढले. आत्यानं ते पाहिलं, बाल्दुरकडे पाहिलं आणि पाहुण्याला केकचा मोठा तुकडा वाढला.

त्यानं फोटोंचा जाडजूड अल्बम आणला होता. त्याच्या मोठ्या शेडमध्ये जगभरातल्या गाड्या होत्या, एकेक पान उलटत तो दाखवू लागला आणि पाब्बी टेबलावर वाकले.

"ही काय वाहायची?"

"ही स्वित्झर्लंडची. डोंगरातली टपाल-बस. टपाल आणि माणसं."

"ही?"

"ऑस्ट्रेलियातली. मेंढ्या."

"ही तीन चाकांची?"

"जपानी. मासळीबाजारात असायची."

"मासळी," पाब्बी खूश होऊन म्हणाले. "बघ बोग्गा, एवढीशी आहे. किती टब मावत असतील?" आणि आत्या नाइलाजानं चष्मा लावून बघू लागली.

पुढच्या पानावर एक रंगीबेरंगी मालट्रक होता. नाकाडावर डोळे रंगवलेले, खाली दोऱ्याला काहीतरी वाळून काळं पडलेलं लटकत होतं.

"हा हिंदुस्थानातला," वेंडेल म्हणाला. "हे लिंबू आणि मिरच्या. वाटेत काही वाईट घडू नये म्हणून बांधतात तिकडचे ड्रायव्हर."

"पण हे तर वाळून गेलंय."

"मला मिळाला तेव्हापासून तसंच आहे."

"नवीन नाही बांधत तुम्ही?"

"तो आता कुठे जातच नाही ना, मिस्टर एयोल्फसन. यातली एकही गाडी आता कुठे जात नाही. आराम करतात."

"मग मी आणि त्या एकाच माळेचे," पाब्बी म्हणाले. वेंडेल हसला. लोविसाला हसू आलं नाही.

मग त्यानं बर्फगाडीचे फोटो बाहेर काढले, लोविसानंच पाठवलेले. १९४९ची गाडी. पुढे चाकांच्या जागी घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टे, प्लायवूडचं गुबगुबीत अंग, जहाजाला असतात तशा गोल खिडक्या, इंजिन पाठीमागे. "सुंदर आहे," तो म्हणाला आणि त्याच्या आवाजात खरंच माया होती. "एकच गोष्ट. हे उजव्या बाजूचं दार कारखान्याचं दिसत नाही."

"नाहीच," बाल्दुर म्हणाला.

"काही हरकत नाही. माझा सुतार चांगला आहे. ते बुजवून घेऊ आणि गाडी तिच्या मूळ रूपात आणू."

आत्यानं कप बशीत ठेवला. "ते दार..."

"बोग्गा," पाब्बी म्हणाले. "राहू दे. त्यांची झाली आता." आणि त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. वेंडेलनं उठून तो दोन्ही हातांनी धरला. झालं, सौदा झाला.

ते दार पाब्बींनी लग्नाच्या वर्षी कापलं होतं. गाडी नवीकोरी होती, आजोबांनी आकाशपाताळ एक केलं, पण पाब्बी म्हणाले, माझी बायको माझ्याबरोबर बर्फावर येणार, तर तिला तिचं स्वतःचं दार पाहिजे. बर्फाची चीर ओलांडताना दारं उघडी ठेवायची, ही स्वानविकची रीत. गाडी खाली गेली तर दार उघडायला वेळ नसतो आणि पाण्याच्या दाबानं ते उघडतही नाही. म्हणून आधीच उघडायचं. लहानपणी पाब्बी दोघा पोरांना शेडमध्ये उभ्या गाडीत बसवायचे. हातात जाड मोजे, डोळे मिटलेले, आणि तीन म्हणायच्या आत दाराचा खटका सापडला पाहिजे. लोविसाला दोन म्हणेपर्यंत सापडायचा. याचं तिला तेव्हा फार कौतुक होतं. मग सतराव्या वर्षी ती शहरात गेली, आणि ते कौतुक तिथे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"इंजिन एकदा ऐकलं असतं," वेंडेल म्हणाला.

"ऐकायचं काय? बसा," पाब्बी म्हणाले आणि उठले.

"पाब्बी, तुम्ही चालवणार?" लोविसाच्या तोंडून निघून गेलं.

ते थांबले. खुंटीवरच्या टोपीकडे गेलेला हात तसाच राहिला. "नको म्हणत असशील तर बाल्दुर चालवेल," ते म्हणाले. एवढ्या गरीब आवाजात की बाल्दुरनंही वर पाहिलं.

"अगं, तीन फूट बर्फ आहे," बाल्दुर म्हणाला. "रस्ता नाही, रहदारी नाही, आपटायला झाड नाही. एक चक्कर मारू दे."

"मारा," लोविसा म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली. बापाला परवानगी देणारी ही कोण बाई, असं वाटलं.

शेडमध्ये आत्यानं तिला ढकललं. "तू पुढे बस. तिथे वारा लागतो, माझी कंबर धरते." म्हणजे आईच्या जागेवर. लहानपणी त्या जागेवर लोविसा कधी बसली नव्हती, पोरांची जागा मागे, माशांच्या टबांजवळ. आईनं विणलेली हिरवी उशी अजून तिथेच होती, मधे बसकी झालेली. लोविसा तिच्यावर टेकली. पेट्रोल, मासे आणि ओल्या लोकरीचा वास आला, आणि आई आठवली एवढंच म्हणून भागण्यासारखं नव्हतं. आई हवी होती. आत्ता, इथे, शेजारी हवी होती. "अगं वेडे, काय मांडलंयस हे," असं म्हणायला हवी होती.

इंजिन खाकरलं, थुंकलं आणि लागलं. गाडी उतारावरून बर्फावर आली. वाटेवर दर शंभर पावलांवर स्प्रूसची छोटी झाडं तोडून बर्फात रोवलेली होती, धुक्यात वाट चुकू नये म्हणून. पाब्बींचे हात चक्रावर होते. त्यांची पाठसुद्धा वेगळीच दिसत होती.

"डावीकडे तो खडक दिसतो?" ते मागे ओरडून वेंडेलला सांगत होते. "तिथे एकोणसाठ साली आमच्या मेव्हण्याची मोटार गेली. नवीन होती. बायकोला दाखवायला आणली होती."

"अरे देवा. आणि मेव्हणे?"

"तो बाहेर होता. पाइप ओढायला उतरला होता," आत्या मागून म्हणाली. "तंबाखूनं माणूस वाचलेला हा एवढाच."

वेंडेल गुडघे हनुवटीला लावून बसला होता आणि लहान मुलासारखा गोल खिडकीतून बघत होता. अर्धा तास असा गेला. जानेवारीपासून पाब्बी एकूण जेवढं बोलले नव्हते तेवढं या अर्ध्या तासात बोलले. खुणेचं प्रत्येक झाड, जाळं सोडायचं प्रत्येक भोक त्यांना ठाऊक होतं. लोविसा ऐकत होती आणि तिला कळत नव्हतं, की या माणसाचं डोकं गेलंय तर ते नेमकं कुठे गेलंय.

पुढे बर्फावर एक काळी रेघ दिसली. चीर होती, हातभर रुंद, कडेला पाणी येऊन पुन्हा गोठलेलं. पाब्बींनी वेग कमी केला. नजर रेघेवर, आवाज अगदी साधा, मीठ सरकव म्हणावं तसा.

"वेगा, दार."

थंड वारा तोंडावर आला तेव्हा लोविसाला कळलं की दार उघडलं गेलंय. तिनंच उघडलं होतं. हात खटक्यावर कधी गेला, तिला पत्ताही नव्हता. पाब्बींचं दार उघडं होतं. मागे बाल्दुरनं उभं राहून छताचं झाकण वर लोटलं होतं, आणि आत्या, जिची कंबर धरली होती, ती बाकाच्या टोकाला येऊन बसली होती.

"काय झालं?" वेंडेल विचारत होता. "काय झालं?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "पाण्यावरून चाललोय."

घसरपट्ट्या चिरेवर आपटल्या, पट्टे धडधडले आणि गाडी पलीकडे गेली.

"बंद," पाब्बी म्हणाले. सगळं बंद झालं.

लोविसाचा हात अजून खटक्यावरच होता. तिनं मागे वळून बाल्दुरला हळूच विचारलं, "ऐकलंस ना? मला वेगा म्हणाले."

"मग काय म्हणतील? त्या जागेवर बसेल ती वेगा. आई आजारी असताना मला दोन हिवाळे म्हणत होते. एवढी दाढी माझी."

"एकदा पाद्रीबाबा बसले होते," आत्या म्हणाली. "त्यांनाही म्हणाला. त्यांनी बिचाऱ्यांनी उघडलं दार."

वेंडेल मोठ्यानं हसला. लोविसा अजून बाल्दुरकडेच वळलेली होती. "जानेवारीत पण असंच झालं होतं. अगदी याच आवाजात."

"जानेवारीत कुठे?" बाल्दुरनं विचारलं.

"शहरात. सांगितलं नव्हतं का. पुलावर."

"कुठल्या पुलावर?"

"रेड नदीच्या. कुठल्या काय, रोजचाच पूल."

मग बाल्दुर म्हणाला, "पूल म्हणाली नव्हतीस तू. रस्त्यात म्हणालीस. भर रस्त्यात दार उघडलं, असं म्हणालीस मला."

"पुलावर रस्ताच असतो ना, बाल्दुर."

"खाली नदी होती?" आत्यानं विचारलं.

"हो."

"गोठलेली?"

"हो, आत्या."

"मग त्यानं काय करायला पाहिजे होतं?"

पाब्बींनी इंजिन बंद केलं. एवढ्या मोठ्या सरोवरावर एकदम शांतता झाली. ते समोर बघत बसले होते, हात चक्रावरच.

"मला पूल दिसला होता," ते सावकाश म्हणाले. "पूल आहे, गाड्या आहेत, सगळं माहीत होतं. खाली पांढरं दिसलं आणि हात गेला. आपोआप गेला. मी तुला सांगणारच होतो. पण तू रडायला लागलीस. तू लहानपणीसुद्धा रडायची नाहीस, लोविसा. बाल्दुर रडायचा. मी म्हटलं, ही रडतेय त्याअर्थी माझंच काहीतरी बिघडलंय. मला कळत नसेल, तिला कळतं."

"म्हणून तुम्ही हात..." तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"शहरात पूल फार आहेत," पाब्बी म्हणाले.

तीन महिने. दोन नद्यांच्या त्या शहरात रोज कुठे ना कुठे जायचं, रोज दोन-चार पूल, आणि प्रत्येक पुलावर हा माणूस आपले हात आपल्याच वजनाखाली दाबून बसलेला, मुलगी घाबरू नये म्हणून. आणि ती शेजारी बसून हीटर वाढवू का विचारत होती. लोविसानं पर्स उघडली आणि अर्ज काढला. काढून काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"यात एक प्रश्न आहे," ती म्हणाली. "आपण कुठे आहोत हे त्यांना कळतं का? मी 'कधीकधी'वर खूण केली."

"आणि तुझ्या नावापुढे कशावर केलीस?" आत्यानं विचारलं.

"चुकलं माझं, पाब्बी," लोविसा म्हणाली.

पाब्बींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, तो अजून खटक्यावर होता. "दोन म्हणायच्या आत उघडलंस," ते म्हणाले. "पाहुण्यांना थंडी वाजतेय. चला." आणि त्यांनी इंजिन चालू केलं.

किनाऱ्याला लागेपर्यंत सगळी बाजी फिरली होती. सकाळी विकायच्या बाजूला असलेले दोघंही आता विकायला साफ नाही म्हणत होते. "मिस्टर क्रूस, माफ करा," बाल्दुर स्वयंपाकघरात आल्या आल्या म्हणाला. "हा सौदा मोडतोय आम्ही. पेट्रोलचा खर्च मी देतो." आता त्याचे बूट दाराशी निघाले होते. लोविसा म्हणाली, दोष सगळा तिचा आहे, त्यांनी लांबून यायला नको होतं. आत्यानं चुलीचं झाकण उचलून धरलं. लोविसानं अर्ज आत टाकला. आत्यानं झाकण ठेवलं आणि कॉफीचं भांडं त्यावर चढवलं.

"झालं सगळ्यांचं बोलून?" पाब्बींनी विचारलं.

त्यांचा हा आवाज घरात बऱ्याच दिवसांनी ऐकू आला. बाल्दुर खुर्चीत बसला.

"हात मी मिळवलाय. तुम्ही दोघांनी नाही. गाडी जाईल."

"पण पाब्बी, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुम्ही इथेच राहणार, पुढच्या हिवाळ्यात..."

"इथे तर मी राहणारच आहे. त्यात तुझी परवानगी नको." त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला. "ती गेल्यापासून तिथे कुणाला बसवलं नाही, दोन वर्षं मी त्या सीटला हाक मारतोय. दार उघडत नाही. मग गाडी थांबवतो, खाली उतरतो, वळसा घालून पलीकडे जातो, तिचं दार उघडतो, परत येऊन बसतो, मग चीर ओलांडतो. पलीकडे गेलं की पुन्हा उतरून लावतो. बाल्दुरला विचार."

बाल्दुर स्वतःच्या मोज्यांकडे बघत होता. त्याला माहीत होतं. त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही डाव्या बाजूनं उडी मारू शकलाच असता," वेंडेल हलक्या आवाजात म्हणाला. "तिकडे कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं हे मला ठाऊक आहे," पाब्बी म्हणाले. "तिची जागा आहे. बंद दारानं कसा नेऊ तिला पाण्यावरून?" त्यांनी साखरेचा खडा उचलला, पुन्हा बशीत ठेवला. "आज हाक मारली आणि दार उघडलं. मला तेवढंच हवं होतं. आता गाडी जाऊ दे."

लोविसा उठून खिडकीपाशी गेली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की पाब्बींना गाडी हवी आहे, सरोवर हवं आहे. त्यांना एक हाक मारायची होती, आणि तिचं उत्तर यायला हवं होतं, बस्स.

"पण दार बुजवायचं नाही," पाब्बी वेंडेलला म्हणाले.

"मिस्टर एयोल्फसन, मूळ गाडीत ते..."

"मूळच आहे ते. तुम्ही कारखान्यापासून मोजता, मी लग्नापासून मोजतो."

वेंडेलनं अल्बमवर हात फिरवला. सकाळची वेळ असती तर त्यानं सुताराचं कौतुक पुन्हा एकदा सांगितलं असतं. पण तो चिरेवरून जाऊन आला होता. "दार राहील," तो म्हणाला. "खाली पाटी लावीन, कुणी कापलं आणि कुणासाठी, ते लिहून." जरा थांबून म्हणाला, "आणि घरी गेल्यावर त्या हिंदुस्थानी ट्रकला नवीन लिंबू बांधतो."

"मिरच्यासुद्धा," आत्या म्हणाली. "अर्धवट काम नको."

दुपारी गाडी ट्रेलरवर चढली. साखळ्या बांधून झाल्या, तेव्हा पाब्बी वेंडेलपाशी गेले. "भराव ओलांडेपर्यंत दोन्ही दारं उघडी ठेवा. दोरीनं बांधून देतो."

"ट्रेलरवर?"

"भरावाखाली पाणीच आहे."

वेंडेलनं मान हलवली. डाव्या दाराला बाल्दुरनं दोरी बांधली, उजव्याला पाब्बींनी स्वतः बांधली. हिरवी उशी त्यांनी काढून घेतली आणि बगलेत धरली.

पलीकडे जमिनीला लागेपर्यंत गाडी बघायची म्हणून लोविसानं त्यांना आपल्या मोटारीत घेतलं. ट्रेलर पुढे, ही दोघं मागे. बर्फगाडीची दोन्ही दारं दोन अंगांना उघडी होती. ट्रेलर सावकाश भरावावर चढला. मागोमाग लोविसाची गाडी चढली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, की उशी मांडीवर ठेवून पाब्बींचे दोन्ही हात हळूच मांड्यांखाली गेले.

लोविसानं वेग कमी केला. मग आपल्या बाजूचा खटका ओढला आणि दार वीतभर उघडून धरलं. बर्फावरचा वारा आत घुसला. दार उघडं आहे म्हणून गाडीतली घंटा टिणटिण वाजायला लागली.

"पाब्बी, दार," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात बाहेर काढले.

"हळू चालव, लोविसा," ते म्हणाले, आणि त्यांनी आपलं दार उघडलं. घंटा वाजत होती. भराव संपेपर्यंत तिनं ती वाजू दिली.